हवेचा बंदोबस्त

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी पंचमहाभूतांचा विषय योजला आणि वाटणीत माझ्याकडे वायू आला. पृथ्वी, आप आणि तेज यांच्याविषयी लिहू इच्छिणाऱ्याला निदान डोळ्यांपुढे काही धरता येते. वायूचे अस्तित्व मात्र त्याच्या कार्यावरूनच अनुमानावे लागते. झाड हलले की वारा सुटला असे आपण म्हणतो, शीड फुगले की वारा अनुकूल झाला असे म्हणतो. आणि जिथे झाडही नाही व शीडही नाही तिथे तो आपल्याभोवती असूनही आपल्या हिशेबी नसतो. म्हणून जिथे माणसाने वायूला कोंडले आहे, मोजले आहे आणि हुकमाच्या ताबेदारीत ठेवून कामाला लावले आहे, अशी एखादी जागा जाऊन पाहावी, असा विचार करून आश्विनाच्या आरंभी, पावसाने अजून पुरता निरोप घेतला नव्हता अशा एका दुपारी, मी पेणच्या रामवाडीत एस.टी.तून उतरलो.

रामवाडीतला वायू

उतरताना कानावर पडले ते आधी सांगतो, कारण या लेखाचा धागा तिथूनच सुरू होतो. चालकाने गाडी कडेला घेऊन उभी केली, हातब्रेक ओढला, आणि गाडीच्या पोटातून एक दीर्घ, मोकळा फूत्कार बाहेर पडला. लांबचा पल्ला चालून आलेल्या जनावराने खाली बसताना टाकलेल्या निःश्वासासारखा तो मला वाटला आणि मी पुढे निघालो. त्या आवाजाचा खरा अर्थ मला त्याच दिवशी रात्री कळायचा होता.

रामवाडी हे मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेचे ठिकाण. राज्य परिवहनाच्या रायगड विभागाची कचेरी आणि कार्यशाळा इथेच असल्यामुळे या भागात हवेचे ब्रेक, हवेच्या टाक्या आणि हवेच्या नळ्या यांची जाण असलेली माणसे घरोघरी आढळतात. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली, तेव्हापासून गाड्यांचे रूप कितीतरी वेळा पालटले, आणि आज जड गाडी थांबवण्याचे काम सर्वस्वी दाबलेल्या हवेकडे आले आहे. इंजिनावर चालणारा कंप्रेसर टाकीत सात-आठ बारपर्यंत हवा भरून ठेवतो, चालकाचा पाय फक्त झडप उघडतो, आणि शेकडो मणांच्या गाडीला आवरण्याचे बळ त्या पायातून येत नसून त्या टाकीतून येते.

त्याच पेण तालुक्यात, हमरापूर, जोहे, कळवे या गावांत आणि खुद्द पेणमध्ये, गणपतीच्या मूर्तींचे कारखाने आहेत, आणि तिथेही कंप्रेसरची घरघर वर्षातले बहुतेक महिने चालू असते. मूर्तीच्या अंगाचा रंग आणि पितांबरावरची छटा आता फवाऱ्याच्या बंदुकीने चढते. डोळ्यांची आखणी तेवढी आजही हाताने, कुंचल्याने होते. थोडे दक्षिणेला गेले की नागोठण्याचा पेट्रोरसायनांचा कारखाना आणि रोह्याजवळची धाटावची औद्योगिक वसाहत लागते. ज्वालाग्राही द्रव्ये हाताळणाऱ्या अशा ठिकाणी विजेची एखादी ठिणगीही घातक ठरू शकते, म्हणून नळांवरच्या मोठ्या झडपा हवेच्या बळावर उघडमीट करण्याचा जगभरचा शिरस्ता आहे. थोडक्यात, रंग देणारी, गाडी थांबवणारी आणि झडप फिरवणारी अशी तीन प्रकारची हवा या मुलखात आधीपासून नांदते आहे. मी पाहायला आलो होतो ती चौथी.

कारखान्यातला कोपरा

गणपती गेले की मूर्तिकाराच्या कारखान्यात काही दिवस एक निराळीच शांतता असते. फळ्या रिकाम्या, साचे पालथे घातलेले, जमिनीवर पांढऱ्या मातीचा पातळ थर आणि भिंतीवर गुलाबी रंगाचे फवारे. अशाच एका कारखान्याचा कोपरा जिल्ह्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आठ-नऊ विद्यार्थ्यांना सुटीपुरता मिळाला होता, कारण कारखान्याचे मालक त्यांच्यापैकी एकीचे मामा. मामांनी जागा दिली, वीज दिली आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आपला कंप्रेसर दिला.

मधोमध त्यांचा रोबो उभा होता. माणसाच्या आकाराची बाहुली मनात धरून जाणाऱ्याची निराशा व्हावी असेच त्याचे रूप होते: अॅल्युमिनियमच्या चौकोनी नळ्यांची चौकट, खाली चार चाके, वर सरकणारा एक स्तंभ, स्तंभाच्या टोकाला दोन बोटांची पकड, आणि चौकटीच्या पाठीशी पट्ट्यांनी बांधलेल्या थंड पेयाच्या दोन रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या. चौकटीच्या पोटात, हाताच्या तळव्याएवढ्या अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यावर, आगपेटीहून थोड्या लांबट अशा तीन झडपा शेजारी शेजारी बसवलेल्या होत्या आणि चौथी जागा एका पत्र्याने बंद केलेली होती. प्रत्येक झडपेच्या डोक्यावर एक इवलासा लाल दिवा, आणि ठोकळ्यातून निळ्या व काळ्या पॉलियुरेथेनच्या नळ्या निघून चौकटीभर पसरलेल्या.

"काका, हा आमचा मॅनिफोल्ड," तृतीय वर्षाच्या त्या विद्यार्थिनीने सांगितले, "आणि या सोलेनॉइड व्हॉल्व्ह. रोबोची ताकद इथून वाटली जाते."

तिने 'वाटली जाते' हे क्रियापद सहज वापरले. पण त्या दोन दिवसांत मी जे पाहिले त्याचा मथितार्थ त्याच शब्दात होता.

बालेवाडीचा वारसा

हे विद्यार्थी ज्या स्पर्धेची तयारी करतात तिचे नाव रोबोकॉन. आशिया-पॅसिफिक प्रदेशातल्या प्रसारण संस्थांच्या संघटनेने २००२ साली तोक्योमध्ये ती प्रथम भरवली. यजमान देश दरवर्षी आपल्या परंपरेतला एखादा खेळ किंवा एखादी कथा घेऊन विषय ठरवतो, आणि बाकीच्या देशांचे विद्यार्थी वर्षभर राबून त्या विषयासाठी यंत्रे घडवतात. भारतात दूरदर्शन या स्पर्धेचे पालकत्व करते, आणि राष्ट्रीय फेरी कित्येक वर्षे पुण्याच्या एम.आय.टी.च्या यजमानपदाखाली बालेवाडीच्या क्रीडासंकुलात भरत असे. महाराष्ट्रातल्या अभियंत्यांच्या एका पिढीसाठी 'बालेवाडी' या शब्दाचा अर्थ रात्रीचे जागरण, सोल्डरचा वास आणि एका मिनिटात यंत्र मांडून उभे करण्याची धांदल असाच आहे.

२००८ साली आंतरराष्ट्रीय स्पर्धेचे यजमानपद पुण्याकडे आले, तेव्हा विषय होता 'गोविंदा', म्हणजे आपली दहीहंडी. ज्या खेळात आपण माणसांचे थर रचतो तो परदेशी विद्यार्थ्यांना यंत्रांनी खेळायला लावला, आणि उंच टांगलेल्या मडक्यातले लोणी यंत्राच्या हाताने काढले गेले. २०१४ साली पुणे पुन्हा यजमान झाले, तेव्हा पालक-यंत्राने बाल-यंत्राला सीसॉ, झोपाळा आणि चढायची जाळी अशा बालोद्यानातल्या खेळांतून फिरवून आणायचे होते. त्या वर्षी व्हिएतनामचे लाक होंग विद्यापीठ विजयी ठरले. २०१५ साली इंडोनेशियाच्या योग्यकार्तामध्ये यंत्रे बॅडमिंटन खेळली, २०१९ साली मंगोलियाच्या उलानबातरमध्ये चार पायांचे यंत्र चालवावे लागले, आणि २०२२ साली यजमान दिल्लीने विषय दिला तो आपल्या अंगणातला: लगोरी.

या सर्व वर्षांत हवा विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडली, कारण हिसका हा तिचा स्वभाव आहे. विजेची मोटर फिरत फिरत वेग घेते, तिला दात्यांची चक्रे लागतात, आणि तिची जागा व वेग सतत मोजत बसावे लागते. हवेचा सिलिंडर म्हणजे एक नळी, एक दट्ट्या आणि एक दांडा. झडप उघडली की दांडा निमिषात बाहेर, पालटली की निमिषात आत. बॅडमिंटनच्या रॅकेटचा फटका, हंडी धरणारी बोटे, चेंडू लोटणारा धक्का अशी ज्यांना दोनच अवस्था पुरतात ती कामे हवेला शोभतात. मध्येच कुठेतरी नेमके थांबायचे असेल तिथे मोटर बरी. मामांच्या कारखान्यातल्या विद्यार्थ्यांना वरिष्ठांनी सरावासाठी मुद्दाम तो जुना पुण्याचा विषयच नेमून दिला होता: एक लहान मडके उचलायचे, वर न्यायचे आणि न फोडता दुसऱ्या जागी ठेवायचे.

हुकूम आणि अंमल

सोलेनॉइड व्हॉल्व्ह म्हणजे काय, हे मला समजावण्यासाठी त्यांनी एक जुनी, निकामी झडप उघडून वर्तमानपत्रावर मांडली. तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे, त्याच्या पोकळीत सरकणारी लोखंडाची बोटभरही नसलेली कांडी, एक स्प्रिंग, आणि खालच्या अंगात रबरी कड्या चढवलेली गुळगुळीत दांडी, जिला ते स्पूल म्हणतात. वेटोळ्यातून वीज गेली की ते चुंबक होते आणि कांडी वर खेचली जाते. वीज थांबली की स्प्रिंग तिला खाली लोटते. विजेचे सारे कर्तृत्व एवढेच, आणि त्या कांडीच्या हालचालीचे बळ एखादी टाचणी ढकलण्याइतपत.

मग एवढ्या अल्प बळाने सहा बार दाबाची हवा कशी वळवली जाते? इथे एक हिकमत आहे. कांडी मोठी वाट स्वतः उघडत नाही. ती फक्त सुईच्या टोकाएवढे एक छिद्र मोकळे करते. त्या छिद्रातून आलेली हवा स्पूलच्या टोकावर दाब देते आणि स्पूल सरकवते. आणि स्पूल सरकला की मुख्य हवेची वाट पालटते. वीज हुकूम देते, त्या हुकमाचा अंमल हवाच हवेवर करते. जुन्या राज्यकारभारात कचेरीतून निघालेल्या कागदाच्या कपट्याचे वजन ते काय असे. पण त्यावरच्या शिक्क्याने किल्ल्याचा दरवाजा उघडत असे. तशातलाच हा प्रकार.

मात्र या हिकमतीत एक अट लपलेली आहे आणि ती न जाणणारा फसतो. अंमल बजावणारी हवाच दुबळी झाली तर हुकूम पोचूनही काम होत नाही. अशा झडपांना साधारण दीड-दोन बारचा किमान दाब लागतो. बाटलीतली हवा त्याखाली उतरली की लाल दिवा लागतो, कांडीची टिकटिक ऐकू येते, आणि सिलिंडर मात्र जागचा हलत नाही. नवशिका अशा वेळी तारा तपासत बसतो, प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा वाचतो. अनुभवी विद्यार्थी आधी दाबमापकाकडे पाहतो, आणि नंतर झडपेच्या अंगावरची बारीक कळ स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबतो. त्या कळीने विजेवाचून झडप पालटते. दांडा हलला तर दोष विजेच्या बाजूला, न हलला तर हवेच्या. दोन खात्यांमधल्या तंट्याची रुजुवात एका टोचणीत होते.

वाटपाची चावडी

या लोकांच्या नेहमीच्या झडपेला 'फाइव्ह-टू' म्हणतात: पाच तोंडे, दोन अवस्था. एका तोंडातून हवा आत येते, दोन तोंडे सिलिंडरच्या दोन टोकांना जातात, आणि उरलेली दोन वापरलेल्या हवेला बाहेर सोडतात. एका अवस्थेत दट्ट्यामागे हवा भरते आणि पुढची हवा सुटते. दुसऱ्या अवस्थेत याच्या उलट. आता अशा तीन-चार झडपा सुट्या सुट्या बसवल्या तर प्रत्येकीला स्वतंत्र हवा पुरवावी लागते, प्रत्येक फाट्यावर एक जोड येतो, आणि जितके जोड तितक्या गळतीच्या जागा. मॅनिफोल्ड हा ठोकळा हे सारे फाटे आपल्या पोटात घेतो. त्याच्या अंगातून आरपार तीन बोगदे कोरलेले असतात: एक येणाऱ्या हवेचा आणि दोन जाणाऱ्या हवेचे. झडपा वरून दोन-दोन स्क्रूंनी आवळल्या की प्रत्येकीची तोंडे त्या बोगद्यांना लागतात. बाहेरून हवा एकदाच आणायची आणि सर्वांना आतल्या आत वाटायची.

गावाच्या चावडीसारखे हे मला वाटले, आणि चावडीचे जे प्रश्न तेच इथेही उद्भवतात. मोठा सिलिंडर जोराने उघडला की तो एका दमात इतकी हवा ओढून घेतो की शेजारच्या लहान सिलिंडरचा दाब क्षणभर उतरतो. स्तंभ वर जाताना पकड सैल पडते आणि हातातली वस्तू निसटते. या विद्यार्थ्यांना चार दिवस त्याचे कारण उमगले नव्हते, कारण दोन्ही सिलिंडर वेगवेगळे चालवून पाहिले तर निर्दोष चालत. शेवटी पकडीच्या वाटेवर, आलेली हवा परत जाऊ न देणारी एक लहान एकदिशा झडप बसवली आणि ठोकळ्यापर्यंतची नळी सहा मिलिमीटरऐवजी आठची घेतली, तेव्हा निभावले. जाणाऱ्या हवेच्या तोंडावर आवाज कमी करणारी पितळी जाळी बसवतात. ती धुळीने तुंबली तर एका सिलिंडरची सुटलेली हवा बाहेर जाण्याऐवजी बोगद्यातून दुसऱ्याच्या वाटेला लागते आणि हुकूम नसताना त्याचा दांडा किंचित हलतो. समाईक वाटेवर एकाने अडथळा केला की शेजाऱ्याला त्रास होतो, ही गोष्ट ज्याने गावात पाहिली आहे त्याला ती ठोकळ्यात ओळखायला वेळ लागत नाही.

बाटलीतला खजिना

रोबोच्या पाठीवरच्या त्या बाटल्या पाहून मला प्रथम संकोच वाटला होता. एवढ्या शिकलेल्या मुलांनी टाकाऊ वस्तू का बांधावी? पण स्पर्धेच्या नियमांनीच तशी मुभा दिलेली आहे. हवेसाठी त्याच कामाकरिता बनवलेले पात्र वापरावे, नाहीतर ओरखडा नसलेली, निर्दोष अवस्थेतली प्लास्टिकची बाटली योग्य रीतीने तयार करून वापरावी, आणि दाब ६०० किलोपास्कलच्या, म्हणजे सहा बारच्या वर जाऊ देऊ नये. रोबोवर कंप्रेसर वागवायचा तर वजन वाढते. बाटलीचे वजन नगण्य, ती बाहेरून भरून आणता येते, आणि जेवढी हवा आत तेवढीच तुमची मिळकत.

या मिळकतीचा हिशेब त्या मुलीने मला भिंतीवर कोळशाने मांडून दाखवला. ३२ मिलिमीटर व्यासाच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे ८ चौरस सेंटिमीटर. सहा बार दाबाने त्यावर सुमारे ४९ किलो वजनाचे बळ येते. परतताना मात्र १२ मिलिमीटरच्या दांड्याने काही जागा अडवल्यामुळे तेच बळ ४२ किलोंवर उतरते. दट्ट्या १०० मिलिमीटर सरकला की ८० मिलिलिटर जागा हवेने भरावी लागते. सव्वादोन लिटरची बाटली, आणि प्रत्येक खेपेला ८० मिलिलिटरची ही उचल. वातावरणाचा एक बार मिळवून सातापासून मोजणी केली तर दहा खेपांनंतर मापकावरचे सहा बार चारच्या आसपास येतात, आणि ४९ किलोंचे बळ ३२ वर. पहिल्या खेपेला मडके झोकात वर गेले, दहाव्या खेपेला ते अडखळत जाते. बळ दर खेपेला निराळे असेल तर नेमही दर खेपेला निराळा.

म्हणून बाटलीत सहा बार भरतात आणि पुढे जाणाऱ्या हवेचा दाब ठरावीक राखणारा रेग्युलेटर चारवर लावतात. बाटलीतला दाब चारपर्यंत उतरेतो सिलिंडरला सदैव चारच मिळतात. पहिली उचल आणि दहावी उचल एकसारखी. पूर्ण बळाचा मोह सोडून कमी पण सारखे बळ पत्करायचे, हा संसारातला जुना शहाणपणा आहे. एकोणीस वर्षांच्या मुलीने तो भिंतीवरच्या आकडेमोडीतून काढलेला पाहून मला विशेष वाटले.

पाणी आणि धागा

संध्याकाळी एक वृद्ध गृहस्थ आले. एस.टी.च्या कार्यशाळेत हयात घालवून निवृत्त झालेले, मामांचे शेजारी. मुले त्यांना नुसते 'काका' म्हणत. आल्याबरोबर ते कंप्रेसरकडे गेले, वाकून टाकीच्या बुडाशी हात घातला आणि एका मुलाला म्हणाले, "आदी टाकीतला पानी कार, मंग हवा भर."

मुलाने खालची तोटी सोडली. फसफसत तांबूस पाणी बाहेर आले, पेलाभर तरी असेल. कोकणातली हवा ओली. ती दाबली की तिच्यातला ओलावा टाकीच्या बुडाशी जमतो. गाडीच्या टाकीत तो राहिला तर झडपा गंजतात, मूर्तिकाराच्या बंदुकीत गेला तर पितांबरावर थेंबाचे डाग उठतात, आणि रोबोच्या नळीत गेला तर स्पूलवरचे वंगण धुऊन निघते आणि झडप अडकू लागते. एकाच पाण्याने तीन धंद्यांचे नुकसान होते, आणि तिन्ही धंद्यांत त्यावर उपाय एकच: रोज, न चुकता, आधी पाणी काढणे. ही गोष्ट मुलांच्या पुस्तकात होती. पण पुस्तकातली गोष्ट हाताच्या सवयीत उतरायला कोणीतरी कान धरणारे लागते.

त्याच संध्याकाळी एक झडप अर्ध्यावर अडकत होती. मुलांनी ती खोलली. स्पूलच्या दोन कड्यांमध्ये केसाहून जेमतेम जाड असा एक पांढरा धागा अडकलेला निघाला. जोड घट्ट बसावा म्हणून आट्यांवर जी टेफ्लॉनची पट्टी गुंडाळतात तिचाच तो तुकडा. पट्टी अगदी टोकापासून गुंडाळली होती, आवळताना तिची कड आत तुटून पडली आणि हवेने ती झडपेपर्यंत नेली. पहिले दोन आटे मोकळे ठेवून पुढे पट्टी गुंडाळली असती तर हे टळले असते. तो धागा चिमट्याने उचलून त्यांनी काळ्या कागदावर ठेवला आणि सर्वांना जवळ बोलावून दाखवला. कोणी कोणाला बोल लावला नाही. मग साबणाचे पाणी आणून प्रत्येक जोडाला लावले. एका जोडावर मोहरीएवढा बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला. डोळ्यांना न दिसणारा वायू एवढ्या वेळात प्रथम मला दिसला तो तिथे.

मडके फुटले

रात्री आठच्या सुमारास चाचणी सुरू झाली. पकडीने मडके धरले, स्तंभ वर चढला, रोबो वळू लागला. आणि वळताना एक मुलगा अनवधानाने त्याच्या वाटेत आला. दुसऱ्याने तत्काळ लाल बटण दाबले. असे तातडीचे बटण प्रत्येक रोबोवर असावेच लागते. ते दाबले की वीज बंद होते. वीज बंद झाली, चाके थांबली, मुलगा सुखरूप राहिला. पण त्याच क्षणी पकडीची बोटे उघडली आणि मडके उंचावरून फरशीवर येऊन फुटले.

मुले गोंधळली. बटणाने सर्व काही थांबायला हवे होते, मग पकड हलली कशी? काकांनी काही वेळ नुसते पाहिले आणि मग म्हणाले, "हवा हाय तवर सगला नीटच चालतं. हवा गेली तं काय व्हनार, यो इचार आदी करावा."

आणि त्यांनी एस.टी.च्या हातब्रेकची गोष्ट सांगितली. लोकांना वाटते की गाडी उभी करताना हवा ब्रेक आवळते. प्रत्यक्षात आजच्या जड गाड्यांत तिथे एक जबरदस्त स्प्रिंग बसवलेली असते आणि ती सदैव ब्रेक आवळायलाच टपलेली असते. गाडी चालते तोवर हवा त्या स्प्रिंगला दाबून धरते. हातब्रेक ओढला की ती हवा सुटते आणि स्प्रिंग चाक धरते. नळी फुटली, टाकी रिती झाली, कंप्रेसर बंद पडला, तरी परिणाम एकच: गाडी उभी राहते. आगगाडीतही हेच तत्त्व आहे. जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ साली पहिला हवेचा ब्रेक केला तेव्हा हवा भरल्याने ब्रेक लागत असे, आणि डबा तुटून वेगळा झाला तर त्याला थांबवणारे काही उरत नसे. १८७२ च्या सुमारास त्याने रचना उलटी केली. नळीत दाब आहे तोवर ब्रेक मोकळा, दाब उतरला की ब्रेक लागलेला. लोखंडी मार्गावरचे असंख्य जीव या उलटापालटीने वाचले.

मुलांच्या चेहऱ्यावर प्रकाश पडला. त्यांच्या पकडीची झडप एका वेटोळ्याची होती. वीज असेतो बोटे मिटलेली. वीज गेली की स्प्रिंग स्पूलला मूळ जागी आणते आणि बाटलीत शिल्लक असलेली हवाच बोटे उघडते. बटणाने वीज तोडली होती, हवा तोडली नव्हती. त्या मुलीने झडपेच्या दोन नळ्या उपसल्या आणि एकमेकींच्या जागी खोचल्या. काम अर्ध्या मिनिटाचे. पण आता बोटे उघडण्यासाठी वीज लागणार होती, मिटून राहण्यासाठी नाही. दुसऱ्याने शंका काढली की हवाच गेली तर? मग बोटांना एक स्प्रिंग जोडायची ठरली, काकांच्या गाडीसारखी. तिसरा म्हणाला, अचानक मिटणाऱ्या बोटांत कोणाचे बोट सापडले तर? त्यावर पकडीला वेगळा रेग्युलेटर देऊन तिचा दाब मडके धरण्यापुरता ठेवायचा निर्णय झाला. स्तंभाचे काय, हा प्रश्न सर्वांत अवघड निघाला: वीज गेल्यावर तो खाली आला तर डोक्यावर येईल, वर गेला तर वर काही धडकेल. तिथे तीन अवस्थांची झडप हवी, जी वीज गेल्यावर दोन्ही वाटा बंद करून हवेला आहे तिथेच कोंडते. मात्र गळती असेल तर तो स्तंभही हळूहळू खाली बसणारच, म्हणून साबणाचे पाणी पुन्हा आणा. तास-दीड तास ही चर्चा चालली आणि प्रत्येक सिलिंडरसाठी वहीत एक ओळ लिहिली गेली: 'वीज गेली तर', 'हवा गेली तर'.

महिनाभर त्यांनी रोबोने काय करावे याचाच विचार केला होता. त्याला काही करता येईनासे झाले की त्याने कसे वागावे, हा विचार त्या रात्री सुरू झाला, आणि माझ्या मते यंत्र घडवणाऱ्याच्या शिक्षणाला खरा प्रारंभ तिथे होतो. बळ उत्पन्न करणे हा विद्येचा पूर्वार्ध झाला. ते बळ वाटण्याची, आवरण्याची आणि ते नाहीसे झाल्यावर कोणाला इजा होऊ नये याची तजवीज, असा जो बंदोबस्त तो उत्तरार्ध होय. आमच्या शाळा-महाविद्यालयांत पूर्वार्धाच्या परीक्षा होतात. उत्तरार्ध अशा कोपऱ्यांत, फुटलेल्या मडक्याभोवती उकिडवे बसून, निवृत्त कारागिरांच्या तोंडून शिकावा लागतो. आणि कारागीर व विद्यार्थी यांची गाठ पडणे आज योगायोगावर सोडलेले आहे, याची मला मनापासून खंत वाटते. रामवाडीसारख्या ठिकाणी दोघेही हाकेच्या अंतरावर राहतात. जिल्ह्यातल्या प्रत्येक महाविद्यालयाच्या कार्यशाळेत आठवड्यातून एक संध्याकाळ अशा एखाद्या काकांसाठी सन्मानाने, मानधनाने राखून ठेवणे कोणाच्याही आवाक्याबाहेरचे नाही.

परतीची गाडी

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी दुसरे मडके आणून दिले. पकडीने ते धरले, स्तंभाने वर नेले, आणि त्या मुलीने मुद्दाम, सर्वांसमक्ष, लाल बटण दाबले. दिवे विझले, चाके थांबली. मडके अधांतरी, दोन बोटांत, जागच्या जागी राहिले. मग एकाने बाटलीची तोटी सोडली. हवा भस्सकन निघून गेली, मापकाचा काटा शून्यावर आला. मडके तसेच. काकांनी बोटांच्या मागची स्प्रिंग नखाने टिचकावून पाहिली आणि चहा मागवला.

दुपारी रामवाडीच्या थांब्यावर मी परतीच्या गाडीची वाट पाहत उभा होतो. गाडी आली, चालकाने ती कडेला घेतली, हातब्रेक ओढला, आणि कालचाच तो दीर्घ फूत्कार झाला. काल मला तो श्रमाचा निःश्वास वाटला होता. आज मला ठाऊक होते की हवेने आपला ताबा सोडला आहे आणि आत कुठेतरी स्प्रिंगने चाक घट्ट धरले आहे. एक म्हातारी डोक्यावरची पाटी सावरत, पायरीवर पाय ठेवून, निवांतपणे वर चढली. गाडी तसूभरही हलली नाही.